ताटाच्या कडेचा घास

लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल सहा जणांचं होतं आणि जेवणारी माणसं तीन. उरलेल्या खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे, बाबांची मासिकं आणि आईच्या फार्मसीतून आलेल्या पिशव्या बसलेल्या असत. आई म्हणायची, "पाहुणे बसलेत बघ कसे, न बोलता." घर अर्धं आमचं आणि अर्धं शेजारच्या आयरिश म्हातारीचं, मधे एकच भिंत. मागच्या बागेपलीकडून मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाड्या जात आणि त्यांच्या थरथरीनं कपाटातली स्टीलची भांडी हलकेच किणकिणत. आई फोडणी करताना मागचं दार भर थंडीत उघडं ठेवायची. हिंगाची डबी शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी असे, कारण एकदा बाबांच्या कोटाला वास आला म्हणून हॉस्पिटलात कुणीतरी नाक मुरडलं होतं. तरी धुराचा अलार्म वाजायचाच. मग बाबा स्टुलावर चढून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालत आणि म्हणत, "झोप रे बाबा, झोप." ते भूल देणारे डॉक्टर होते. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता, की आई अलार्म वाजायच्या आधीच हसून घ्यायची.

माझ्यानंतर आईला मूल झालं नाही. दोनदा होता होता राहिलं, त्याबद्दल घरात बोलणं नव्हतं. माझी शाळा संपत आली तेव्हा एका जेवणाला तिनं सरळ सांगितलं, "मला मुलगी आणायची आहे."

"आणायची म्हणजे?" बाबा म्हणाले. "सेल लागलाय का कुठे?"

"अहो, चेष्टा नको. तिकडे अनाथाश्रमात मोठ्या मुली पडून असतात. तान्ही सगळ्यांना हवी असतात. मोठीला कोण नेणार? आपण मोठीच आणू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मी लवकरच लीड्सला युनिव्हर्सिटीत जाणार होतो आणि माझ्यामागे ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसणार या विचारानं मला अपराधी वाटत होतं. माझ्या जागी कुणी येत असेल तर बरंच, असं मला वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही. पण माझ्या मनात खरोखर एवढंच होतं.

मग दत्तकासाठी घराची तपासणी करायला कौन्सिलतर्फे मार्गारेट येऊ लागली. नको नको म्हटलं तरी दारातच बूट काढायची, ओली छत्री बाथटबमध्ये ठेवायची आणि आईनं दिलेला चिवडा एकेक शेंगदाणा वेचून खायची. जिना, बाग, गरम पाण्याचा नळ, सगळं तिनं पाहिलं. आईचं बालपण विचारलं, बाबांचा राग विचारला. "त्याला राग येत नाही, हाच प्रॉब्लेम आहे," आई इंग्रजीत म्हणाली आणि मार्गारेट मनापासून हसली. ती चांगली बाई होती. या हकिकतीत वाईट माणूस कुणीच नाही. मी पुष्कळ वर्षं शोधला. शेवटी परवानगी मिळाली. एक मूल, मुलगी, दहाच्या आतबाहेरची.

आई-बाबा आधी एकदा जाऊन मुलीला भेटून आले होते. मी गेलो तो तिला आणायच्या वेळी. पुण्याहून जीपनं दक्षिणेला, उसाच्या मुलखातलं एक तालुक्याचं गाव, आणि गावाच्या कडेला कौलारू बालसदन. पुढे फरसबंद अंगण, त्यात हातपंप, एक शेवग्याचं झाड आणि वर जाणारा लोखंडी जिना. आम्ही शिरलो तेव्हा मुलं ओळीत उभी होती, तेल लावून चोपलेले केस, घडीच्या रेषा दिसणारे कपडे. त्यांनी हात जोडून स्वागतगीत म्हटलं. सूर बरोबर होते, शब्द स्पष्ट होते, आणि एकाही मुलाचं लक्ष गाण्यात नव्हतं. सगळी आमच्या पिशव्यांकडे बघत होती. मग आम्हाला ऑफिसात बसवून काचेच्या बशांत पोहे दिले. त्या बशा पाहुण्यांच्या, मुलांना स्टीलची ताटली. बालसदन चालवणाऱ्या लीलाताई म्हणजे जाड भिंगांचा चष्मा घातलेली, पायांनी अधू, खणखणीत आवाजाची बाई. त्यांनी हाक मारली, "कमल! ये गं, तुझी आई आली."

कमल आली ती कडेवर एक पोर घेऊन. स्वतः जेमतेम दहाची, हडकुळी, एक खांदा सवयीनं वर गेलेला. कडेवरची तीनेक वर्षांची, शेंबडी, मोठ्या कपाळाची.

"छबू, उतर खाली. पाहुणे आलेत," लीलाताई म्हणाल्या.

छबू उतरली नाही. कमलनं तिला उतरवलंही नाही. आईनं पर्समधून चॉकलेट काढून कमलच्या हातात दिलं. कमलनं कागद सोलला, दातांनी तुकडा पाडला आणि तो आधी छबूच्या तोंडात घातला.

"बघितलंस, किती प्रेमळ आहे!" आई मला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

कागदपत्रं पुरी होईपर्यंत आम्ही गावातल्या एका लॉजवर राहिलो आणि रोज बालसदनात जात होतो. त्या दिवसांत मला तिथली पद्धत कळली. लीलाताईंकडे कामाला बायका थोड्या आणि मुलं पुष्कळ. म्हणून प्रत्येक मोठ्या मुलीकडे एक लहान मूल सोपवलेलं असे. अंघोळ, वेणी, जेवण, तापात उशाशी बसणं, सगळं तिच्याकडे. त्या मुली 'माझं लहान' असंच म्हणत. "माझं ल्हान निजलंय, वरडू नका." "तुझ्या ल्हानानं माझ्या ल्हानाला चावलं." नात्यागोत्याचा संबंध नव्हता. कमलला भाऊबहीण कुणी नव्हतं, तसं सगळीकडे नोंदलेलं होतं आणि ते खरंच होतं.

जेवणाची घंटा झाली की ओसरीवर पंगत बसे. भात आणि पातळ आमटी, कधी भाकरी. रिवाज असा, की पहिला घास लहानाचा. मोठीनं आपल्या ताटलीतला भात कालवायचा, अंगठ्यानं दाबून बोराएवढा गोळा करायचा, कडेला ठेवायचा, जरा निवला की लहानाला भरवायचा आणि मगच आपण जेवायचं. छबू खायला त्रास द्यायची. कमल तिला अंगण दाखवत भरवत असे. "ह्यो घास पंपाचा. ह्यो घास जिन्याचा. ह्यो घास लीलाताईच्या चष्म्याचा." चष्म्याला छबू खुदकन हसायची, तोंड उघडायचं आणि घास आत जायचा. रोज तोच चष्मा आणि रोज तेच हसू. मी खांबाला टेकून हे पाहत असे. मला ते गोड वाटायचं. मी त्याचा फोटोसुद्धा काढला होता. पुढे तो मी कधी धुवून आणला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा छबू दिसली नाही. तीही पद्धतच होती. मोठी मुलगी जायची असली, की तिच्या लहानाला आधीच मागच्या अंगणात नेऊन कशात तरी गुंतवायचं, म्हणजे रडारड नको. कमलला हे ठाऊक होतं. दुसऱ्या मुली गेल्या तेव्हा त्यांची लहानं मागे नेऊन बसवायचं काम तिनंच केलेलं होतं. तिनं विचारलं नाही, शोधलं नाही. आईनं आणलेला जांभळा स्वेटर त्या उकाड्यात अंगात घालून ती जीपमध्ये बसली. गाव मागे पडलं, ऊस सुरू झाला, तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, छबूला कवा आनायचं?"

आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "आणू हं सोने."

बाबा म्हणाले, "बघू. आधी तू तर चल."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी."

आम्ही तिघंही किती सहज बोललो! लहान मुलं विमान मागतात, चंद्र मागतात, तसं काहीतरी ती मागते आहे असं आम्हाला वाटलं. तिनं मात्र तिघांची तीन उत्तरं नीट ऐकली आणि त्यातलं माझं धरून ठेवलं. त्यात काहीतरी ठरलेलं होतं ना. पुढची वेळ.

हॅरोला तिला सर्वांत काय आवडलं असेल तर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. घडी केलेल्या टॉवेलांत ती तिथे जाऊन बसायची. शाळेत तिला शिकवायला वेगळी बाई होती आणि ती कमलला 'कॅमल' म्हणायची. आई घरी तिची भाषा दुरुस्त करायची, "आनायचं नाही गं, आणायचं." ती दुरुस्त करून घ्यायची. तक्रार म्हणून कशाची नव्हती. खुर्च्यांवरचे कपडे आणि पिशव्या हलल्या, एका खुर्चीवर तिच्यासाठी उशी आली. आई रोज काहीतरी वेगळं करी, थालीपीठ, शिरा, मटारची उसळ. आणि पहिल्याच आठवड्यात बाबांच्या लक्षात आलं, की कमल जेवायला बसली की आधी वरणभात कालवते, छोटासा गोळा करते, तो ताटाच्या कडेला ठेवते, क्षणभर ओठ हलवते आणि मग जेवू लागते. तो घास शेवटपर्यंत तसाच राहतो.

बाबा चमचा हातात धरून बघतच राहिले. "अगं, ही चित्राहुती घालते!"

बाबा पुण्याच्या कर्मठ घरातले. त्यांचे वडील जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवून शेजारी भाताच्या चार आहुत्या मांडत, लहानपणी बाबाही तसं करत. हॉस्टेलात ते सुटलं आणि इंग्लंडात तर ते आठवायचंही काही कारण राहिलं नव्हतं. आता ही कुठली कोण मुलगी, जिच्या आईबापाचं नावही कुणाला माहीत नाही, ती न सांगता ताटाच्या कडेला अन्न काढून ठेवते आहे आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते आहे! बाबांना भरून आलं. आई म्हणाली, "गाईचा घास असेल हो. कुणीतरी चांगलं वळण लावलंय." तिला विचारायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, त्या दिसल्या की हात जोडायचे, असं काहीसं आमच्या घराचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबाही चित्राहुती घालू लागले. इतक्या वर्षांनी. हॉस्पिटलातून थकून येत, हात धूत, वाटीतलं पाणी ताटाभोवती फिरवत आणि टेबलाच्या मॅटवर चार शितांच्या चार ढिगल्या ठेवत. कमल त्यांच्याकडे फार लक्ष देऊन बघायची. जेवणं झाली की ती बाबांच्या त्या ढिगल्या आणि आपला घास एका कागदावर गोळा करायची आणि मागच्या बागेच्या भिंतीवर नेऊन ठेवायची. आईनं एकदा फडक्यानं मॅट पुसायला घेतली तर तिनं आईचा हात धरला. "त्ये टाकायचं न्हाई." आई फोनवर तिच्या बहिणीला हे सांगताना रडली.

मराठी मंडळाच्या दिवाळीच्या आधी सुधाकाकू घरी जेवायला आल्या. मीही लीड्सहून दोन दिवस आलो होतो. त्या मंडळातल्या जुन्या, कुणाच्या घरात काय कमी आहे हे त्यांना फाटकातूनच दिसायचं. आणलेल्या मुलीबद्दल त्यांनी आईला आधीच ऐकवलं होतं, "बघ हं बाई, रक्त कुठलं, काय कुठलं." त्या दिवशी त्यांनी कमलचा घास पाहिला आणि बाबांनी मुद्दाम अर्थ सांगितला.

"अगंबाई," सुधाकाकू म्हणाल्या. "आमच्या दोघा पोरांना केंब्रिजला घातलं, पण साधं हात धुऊन जेवायचं कळत नाही मेल्यांना."

"आता काय म्हणणं आहे रक्ताबद्दल?" आईनं वाढता वाढता विचारलं.

"काही नाही गं. भाजी वाढ."

आईच्या आयुष्यातला तो एक मोठा विजय होता. मीही हसलो. नंतर मी भांडी पुसत होतो आणि कमल माझ्याशेजारी स्टुलावर उभी राहून चमचे लावत होती. बाहेर गाडी गेली, भांडी किणकिणली. ती हळूच म्हणाली, "दादा, बाबांचंबी कुणी ल्हान ऱ्हायलंय का तिकडं?"

मला आधी कळलंच नाही. मग ओसरी आठवली, पंगत आठवली, कडेला निवत ठेवलेला घास आठवला. मी विचारलं, "तू ओठ हलवून काय म्हणतेस?"

"पंपाचा, जिन्याचा, चष्म्याचा," ती म्हणाली. "पुढच्या वेळंपातुर ती इसरायला नको."

त्याच वेळी बाहेरच्या खोलीत जाऊन मी हे सांगायला हवं होतं. तिथे बाबा सुधाकाकूंच्या यजमानांना आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगत होते आणि मी त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. मी थांबलो. लवकरच लीड्सला परतलो. तिथे नवी दोस्तमंडळी, परीक्षा, आयुष्यात प्रथमच कुणाची नजर नसलेली खोली. मला विसर पडला असं मी म्हणणार नाही. आठवण यायची आणि मी ती उद्यावर टाकायचो. शेवटी नाताळनंतर कधीतरी फोनवर आईला सांगितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"मी आई आहे रे, मला दिसतं. ती झोपेत थोपटते. उशीला थोपटत असते." मग एकदम तिचा आवाज चढला. "तिला लहान होऊ दे की जरा! दहा वर्षांच्या पोरीनं कशाला कुणाची आई व्हायचं? मी आहे ना आता. विसरेल ती. तू बाबांना सांगू नकोस."

आईवर राग धरावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. तिनं मुलगी आणली होती आणि तिच्या घरी आली होती एक छोटीशी आई, जिचं मूल मागे राहिलं होतं. आई तिला भरवायला जायची तर ती म्हणायची, "माझं मी खाते. तुमी जेवा." मार्गारेटनंही साधारण तेच सांगितलं होतं, की हिच्यावर लहानपणीच मोठेपण पडलंय, तिला हळूहळू त्यातून सोडवा. सगळे तिला सोडवत होते. ती काही सुटत नव्हती.

उन्हाळ्यात मी घरी आलो तेव्हा कमल खंगलेली होती. घास मात्र रोज पडत होता. मी बाबांना सांगितलं. बाबा उठून बागेत गेले, मागच्या भिंतीपाशी उभे राहिले. आत आले आणि म्हणाले, "फोन लावा."

लीलाताई फोनवर म्हणाल्या, "छबू हाय की. मागा, देतो. पण कागद पाठवा." आणि आम्ही पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात केली. मार्गारेट म्हणाली, पहिली मुलगी नीट रुळल्याशिवाय दुसरीचा विचार करता येत नाही. बाबा म्हणाले, दुसरी आल्याशिवाय पहिली रुळणार नाही. दोघांचं खरं होतं. मार्गारेटनं आमच्यासाठी वरच्या लोकांशी भांडण केलं हे मला नंतर कळलं. पण त्या जगाला स्वतःचीच एक चाल असते, कुणी कितीही ढकललं तरी ते तेवढ्याच गतीनं सरकतं. आईनं आता स्वतः दुसऱ्या खुर्चीवर उशी ठेवली. तिनं जी माघार घेतली ती पूर्ण घेतली. कमलला जवळ घेऊन म्हणाली, "तुझं लहान आणायचं हं आपण." कमलनं त्या दिवशी आईच्या हातून पहिला घास खाल्ला. तेवढं वर्षभर आमच्या घरात खरोखर आनंद होता. कमल कपाटातून बाहेर येऊन बसू लागली. छबूसाठी ती आपले आखूड झालेले कपडे घडी करून ठेवी.

कौन्सिलचा होकार यायला वर्ष लागलं, तो आला तेव्हा पुन्हा पाऊस संपत आला होता. आम्ही चौघं गेलो. फोन लागत नव्हता, त्या भागात पुराच्या पाण्यानं तारा पडल्या होत्या म्हणे, पण होकार हातात होता, मग फोनची काय गरज, असं आम्ही म्हटलं. जीप वळणावर आली तशी कमल सीटच्या टोकावर सरकली. "आता पंप दिसंल," ती म्हणाली. पंप दिसला.

आणि पंपाशेजारी मुलं ओळीत उभी होती. आमच्या जीपचा आवाज ऐकून कुणीतरी त्यांना उभं केलं असणार. तेल लावलेले केस, घडीच्या रेषा. कमल खाली उतरली. अंगात जीन्स, पायांत बूट, केस कापलेले. मुलांनी हात जोडले आणि स्वागतगीत सुरू केलं. तिच्यासाठी. त्या ओळीत तिच्या बरोबरीच्या मुली होत्या, तिच्यासोबत भांडी घासलेल्या. त्याही गात होत्या, सूर बरोबर, शब्द स्पष्ट, आणि बघत होत्या तिच्या हातातल्या पिशवीकडे. तिनं पहिल्यांदा ओळीतले सगळे चेहरे बघून घेतले. मग गाणं संपेपर्यंत जागची हलली नाही. पाहुण्यांनी गाणं संपेपर्यंत हलायचं नसतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ऑफिसात काचेच्या बशा आल्या. कमललाही काचेची बशी. लीलाताई खुर्चीत अवघडून बसल्या होत्या.

"छबू गेली," त्या म्हणाल्या. "आषाढात. चांगलं घर हाय. आपल्याच बाजूचं, मूलबाळ नसलेलं."

"पण आम्ही सांगितलं होतं ना तुम्हाला," आई म्हणाली.

"सांगितलं व्हतं. कागद आला नव्हता. मी किती थांबू, वहिनी? पाचाच्या पुढं गेली की कुणी नेत न्हाई. तुमाला काय सांगायचं, तुमी मोठी नेली म्हणून. तुमच्यासारखं कोण येतंय?"

"कुठे आहे ते घर?" बाबांनी विचारलं. "नुसतं भेटू. लांबून बघू."

"त्ये सांगता येत न्हाई, डॉक्टर. कायदाच तसा हाय. तुमची कमल कुठं हाय, ह्ये मी कुणाला सांगते का? नाव बदललं आसंल आता तिचं. लहान हाय, रुळंल."

बाबांनी मान खाली घातली. आई रडू लागली. लीलाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. कमलनं त्या चष्म्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिच्या नजरेत दोष दिलेला असता तर मी तो घेऊन आयुष्यभर चाललो असतो, मला ते सोपं गेलं असतं. तिथे दोष नव्हता. एखाद्या अनोळखी स्टेशनावर गाडी थांबली की आपण बाहेर जसं बघतो तसं ती बघत होती. मग तिनं बशीतले पोहे खाल्ले. सगळे. शेंगदाण्यांसकट. बशी उचलून बाहेर पंपावर धुवायला नेऊ लागली तर लीलाताईंनी तिला थांबवलं, "ऱ्हाऊ दे गं, तू पाव्हणी हायेस." तिनं बशी खाली ठेवली.

कमल आता लंडनमध्येच एजवेअरला राहते, डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, चष्मे बसवून देते. लोकांचे वाढदिवस लक्षात ठेवते. दर रविवारी आईला फोन करते. तिनं मूल होऊ दिलं नाही. कारण मी विचारलेलं नाही. माझी धाकटी मुलगी आता तेव्हाच्या छबूएवढी आहे आणि तिला मी भरवत नाही, ते बायको करते. कुणी विचारलं तर मी पाठदुखी सांगतो. छबू, किंवा आता तिचं जे काही नाव असेल ते, पंचविशीची असेल. मी कुठल्याही गर्दीत मोठं कपाळ शोधतो. मिळून काय करणार, हे मला माहीत नाही. तिला आम्ही कुणीही आठवत नसणार.

परत आल्यावर काही दिवसांनी मार्गारेट आली. कमलनं तिला चहा करून दिला, इंग्रजीत हवापाण्याचं बोलली, स्वतःहून दोन बिस्किटं खाल्ली. जाताना दारात बूट घालता घालता मार्गारेट आईचा हात दाबून म्हणाली, "शी हॅज सेटल्ड, डॉक्टर्स वाइफ. यू मस्ट सी इट." ती आईला लाडानं असंच म्हणायची. आम्ही तिघंही दारात उभे होतो. ती ज्याला रुळणं म्हणत होती ते आम्ही परत आलो त्याच रविवारी पाहिलं होतं.

त्या रविवारी आईनं वरणभात केला होता. प्रवासाचा शीण होता, सामान अजून जिन्याखाली पडलेलं. दुसऱ्या खुर्चीवरची उशी आईनं आधीच उचलली होती आणि खुर्चीवर पुन्हा इस्त्रीचे कपडे आले होते. बाबांनी पाणी फिरवलं आणि मॅटवर ढिगल्या ठेवल्या. आता ते कशासाठी ठेवत होते, कुणासाठी, हे त्यांनाच ठाऊक. कमलनं भात कालवला. अंगठ्यानं दाबून छोटा गोळा केला आणि कडेला ठेवला. आम्ही तिघं बघत होतो आणि बघत नसल्यासारखं करत होतो. तिचे ओठ हलले नाहीत. तिनं त्या घासाकडे थोडा वेळ पाहिलं, बोटानं तो परत ताटात ओढला, वरणात मोडला आणि खाऊन टाकला. मग उरलेलं ताटही चाटूनपुसून संपवलं. आई तूप आणायला म्हणून आत गेली, ती जेवण संपेपर्यंत बाहेर आली नाही.

कमलनं ताटं उचलली. ओलं फडकं आणून टेबल पुसायला लागली, माझ्या बाजूनं, मग आईच्या, आणि बाबांच्या मॅटपाशी येऊन थांबली. भाताची शितं वाळू लागली होती. बाहेर गाडी गेली, कपाटातली भांडी किणकिणली आणि शांत झाली.

"बाबा," तिनं विचारलं, स्वच्छ, आईनं शिकवलेल्या मराठीत, "हे टाकू ना?"

बाबांनी वर पाहिलं नाही.

"टाक," ते म्हणाले.